हवेच्या बंदुकीची जुळवणी

नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बनविलेली नवी हवेची बंदूक पेटीतून बाहेर काढली, की तिच्यासोबत बहुधा एक लहानसा पुठ्ठा सापडतो. त्यावर एकच भोक असते. प्रथम पाहणाऱ्यास ते एका छर्ऱ्याचे वाटते. परंतु त्याचे काठ बारकाईने न्याहाळले, तर ते किंचित पसरट झालेले आढळते. कारखान्यातील तंत्रज्ञाने बंदूक वाइसच्या पकडीत आवळून १० मीटरांवरून एकामागून एक सोडलेले अनेक छर्रे त्या एकाच भोकातून गेलेले असतात. बंदूक निर्दोष असल्याचा हा कारखान्याचा दाखला होय.

तीच बंदूक त्याच संध्याकाळी एखादा विद्यार्थी हातात घेतो आणि उभा राहून दहा नेम मारतो. समोरच्या लक्ष्यपटावर छर्रे मूठभर तांदूळ उधळावेत तसे विखुरलेले दिसतात. विद्यार्थी गोंधळतो. बंदूक प्रवासात बिघडली असावी, अशी त्याला शंका येते, आणि त्याचा हात सर्वांत जवळच्या स्क्रूकडे जातो. येथून पुढे दोन वाटा फुटतात. एका वाटेने गेल्यास महिनाभरात बंदुकीची आणि नेमबाजाची उत्तम गट्टी जमते. दुसऱ्या वाटेने गेल्यास तितक्याच काळात एक चांगले यंत्र कोणालाच न समजण्याजोगे होऊन बसते. या दोन वाटांमधील फरक हाताच्या कौशल्याचा नसून विचाराच्या पद्धतीचा आहे.

किती सूक्ष्मतेचा हा मामला आहे, हे प्रथम पाहू या. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हवेच्या बंदुकीच्या स्पर्धेत नेमबाज १० मीटर अंतरावर उभा राहतो. छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर असतो. लक्ष्यपटाच्या मध्यभागी जे दहा गुणांचे वर्तुळ असते, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाने काढलेल्या ठिपक्याएवढा, असतो. छर्ऱ्याची कड त्याला शिवली तरी दहा गुण मिळतात; म्हणून छर्ऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरांच्या आत पडणे पुरेसे असते. मात्र आता प्रत्येक नेमाचे गुण दशांशातही मोजतात. दहाचे पुन्हा १०.० पासून १०.९ पर्यंत भाग केलेले असून, प्रत्येक पायरी पाव मिलिमीटराची आहे. साठ नेमांच्या फेरीत अशा पाव मिलिमीटरांची बेरीज होते आणि तिच्यावरून कोण अंतिम फेरीत जाणार व कोण घरी परतणार, हे ठरते.

या सूक्ष्मतेस पात्र ठरणारी बंदूक बनविण्यास कारागिरांना बराच काळ लागला. जुन्या पद्धतीच्या बंदुकीत एक भक्कम स्प्रिंग दाबून ठेवलेली असे. चाप ओढताच ती सुटे, दट्ट्या पुढे झेपावे, त्याच्यापुढची हवा दाबली जाई आणि त्या हवेच्या रेट्याने छर्रा नळीतून बाहेर पडे. अडचण अशी, की छर्रा नळीतच असताना जड दट्ट्याच्या धावण्याने व थांबण्याने सारी बंदूक मागे-पुढे हिसका खाई. हा हिसका मोडण्यासाठी जर्मनीतील कारागिरांनी नामी युक्त्या योजल्या. एका रचनेत परस्परविरुद्ध दिशांनी धावणारे दोन दट्टे बसविले, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्याच्या धक्क्याने फिटावा. दुसऱ्या रचनेत नळी व यंत्रणा दस्त्यावर घसरू शकेल अशी ठेवली, म्हणजे धक्का नेमबाजाच्या खांद्यापर्यंत पोहोचूच नये. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे हा प्रकार ऑलिंपिक स्पर्धांत प्रथम समाविष्ट झाला. पुढे स्प्रिंग मागे पडली आणि आधीच दाबून भरलेल्या हवेची टाकी आली. आज मोठ्या स्पर्धांत तीच सर्वत्र दिसते.

या टाकीत साधारणपणे २०० बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २०० पट, दाबाने हवा भरतात. एवढा दाब थेट छर्ऱ्यावर सोडला, तर टाकी भरलेली असताना छर्रा वेगाने आणि ती रिकामी होत आली असता मंद जाईल. म्हणून टाकी आणि नळी यांच्यामध्ये दाबनियंत्रक बसविलेला असतो. टाकीतील दाब कितीही असो, तो प्रत्येक नेमासाठी ठराविक कमी दाबाची हवा एका छोट्या कप्प्यात मोजून ठेवतो. चाप ओढला, की हातोडीचा हलका टोला झडपेवर बसतो, झडप क्षणभर उघडते आणि ती मोजकी हवा छर्ऱ्याला ढकलते.

छर्ऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर असतो. १० मीटरांचे अंतर तो एका सेकंदाच्या सुमारे सोळाव्या भागात कापतो. तेवढ्या अवधीत गुरुत्वाकर्षण त्याला जवळजवळ १८ मिलिमीटर खाली खेचते. ही घट दर्शिकेच्या बैठकीत एकदा धरून घेतली, की तिची काळजी उरत नाही. पण ती प्रत्येक वेळी तेवढीच असेल तर! वेग शंभरात एक भाग कमी झाला, तर छर्रा शंभरात दोन भाग अधिक पडतो, म्हणजे लक्ष्यावर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर खाली लागतो. दशांश गुणांची एक पायरी पाव मिलिमीटराची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे एक टक्क्याचे महत्त्व पटते. नव्या बंदुकीची पहिली तपासणी म्हणूनच वेगमापकापुढे करावी. दहा-वीस नेमांचे वेग लिहून काढावेत. ते एकमेकांच्या निकट असतील, तर दाबनियंत्रकास हात लावण्याचे कारण नाही. बंदूक बराच वेळ पडून राहिली असल्यास पहिले एक-दोन वेग वेगळे येऊ शकतात. ते मोजणीत धरू नयेत.

टाकीविषयी एक सावधगिरी येथेच सांगितलेली बरी. वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो. टाकी घाईने भरल्यास आतील हवा तापते, काटा २०० दाखवितो, आणि टाकी थंड झाल्यावर तोच काटा खाली उतरलेला दिसतो. मग टाकी गळत असल्याचा बोभाटा होतो. सावकाश भरणे हाच त्यावर उपाय. मात्र उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत भरलेली टाकी ठेवणे आणि तिच्यावर कोरलेली मुदत उलटून गेल्यावरही ती वापरणे, या चुका हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत.

छर्ऱ्यांचीही निवड करावी लागते. स्पर्धेचा छर्रा शिशाचा, सपाट तोंडाचा आणि कमरेत बारीक असतो. त्याचे वजन अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक भरते. सपाट तोंडामुळे कागदाला स्वच्छ गोल भोक पडते. बाहेरून सारखे दिसणारे छर्रे डोक्याच्या व्यासात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने भिन्न असतात, आणि डबीवर तो व्यास छापलेला असतो. ४.४९ चा छर्रा चांगला की ४.५० चा, याचे सर्व बंदुकांना लागू पडेल असे उत्तर नाही. प्रत्येक नळीच्या आतील मळसूत्री खाचा थोड्याफार निराळ्या असतात. म्हणून बंदूक पकडीत आवळून निरनिराळ्या डब्यांतील छर्रे सोडून पाहतात, आणि ज्या डबीचा पुंजका सर्वांत लहान, तिच्याच उत्पादनाचा साठा करून ठेवतात. ही परीक्षा हातात बंदूक धरून करणे व्यर्थ होय. हाताचा कंप छर्ऱ्यांमधील फरकाच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यात तो फरक बुडून जातो. शिसे विषारी आहे, तेव्हा छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज खाण्याच्या वस्तूस स्पर्श करू नये, हे शाळेतील नेमबाजांना पहिल्याच दिवशी शिकवावे. बंदूक रिकामी असो वा भरलेली, तिचे तोंड लक्ष्याच्या दिशेखेरीज अन्यत्र वळता कामा नये, हेही त्याच दिवशी.

येथवर बंदुकीची तपासणी झाली. आता बंदूक माणसाला बेतावयाची असते, आणि या कामात लोक विनाकारण घाई करतात.

स्पर्धेच्या बंदुकीचा दस्ता एकसंध नसतो. खांद्याला टेकणारी पट्टी वर-खाली व पुढे-मागे सरकते, गालाची टेक उंच-सखल करता येते, मूठ फिरविता येते. शिंप्याने माप घ्यावे तशी ही मापे नेमबाजाच्या अंगावर घ्यावी लागतात. कसोटी सोपी आहे. नेमबाजाने डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी, अंग सैल सोडावे, दोन श्वास घ्यावेत आणि मग डोळे उघडावेत. दर्शिकेचे छिद्र डोळ्यासमोर आपसूक आले, तर गालाची टेक बरोबर आहे. मान वाकवून किंवा ताणून ते शोधावे लागले, तर टेक हलवावी, मान नव्हे. बंदुकीचे तोंड लक्ष्याच्या उजवीकडे वळलेले आढळले, तर हातांनी ते डावीकडे रेटू नये. पाय किंचित वळवून सारे शरीरच वळवावे. स्नायूंनी रेटून धरलेला नेम पहिले पाच-दहा छर्रे टिकतो. साठाव्या छर्ऱ्यापर्यंत तो टिकत नाही.

बंदुकीच्या वजनाची मर्यादा साडेपाच किलोग्रॅम आहे. या मर्यादेत राहून काही नेमबाज नळीच्या टोकाशी लहान वजने लावतात. त्यामागील तत्त्व असे, की वळण्यास होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आधारापासून ३० सेंटिमीटरांवर ठेवलेले १०० ग्रॅम वजन ६० सेंटिमीटरांवर नेले, तर त्याचा परिणाम चौपट होतो. बंदुकीचे हेलकावे त्यामुळे मंदावतात. परंतु पाठीवर पडणारा भारही वाढतो, आणि तो शाळकरी मुलाने उगाच वाहू नये.

चापाची गोष्ट अधिक नाजूक आहे. हवेच्या बंदुकीचा चाप बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो हलक्या स्प्रिंगविरुद्ध सहज मागे येतो आणि एका ठिकाणी अडतो. तेथे बोटाला एक सूक्ष्म भिंत जाणवते. त्या भिंतीवर आणखी किंचित दाब पडला, की आतील अडणी सुटते आणि छर्रा निघतो. या सर्वांसाठी लागणारा जोर कित्येक बंदुकांत १०० ग्रॅमच्या वजनाएवढा, किंवा त्याहूनही कमी, ठेवता येतो. चापाजवळ चार-पाच बारीक स्क्रू असतात. एक पहिल्या टप्प्याची लांबी ठरवितो, दुसरा त्याचा जोर, तिसरा दुसऱ्या टप्प्याचा जोर. एक अडणी किती खोल गुंतावी हे ठरवितो आणि आणखी एक चाप सुटल्यावर कोठे थांबावा ते. नवशिक्याला यांतील जोराचा स्क्रू सर्वांत मोहात पाडतो. चाप जितका हलका तितका नेम चांगला, अशी त्याची समजूत असते. वास्तविक चाप इतका हलका झाला, की बोटाला भिंतच कळेनाशी होते, तेव्हा छर्रा नेमबाजाच्या इच्छेने न सुटता त्याच्या अजाणतेपणी सुटू लागतो. अडणीचा स्क्रू तर त्याहून धोक्याचा. ती फार उथळ गुंतविली, तर बंदूक नुसत्या धक्क्यानेही सुटू शकते. कारखान्याने बसविलेली अडणी जाणकारावाचून कोणी हलवू नये, हे येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. जोर प्रारंभी थोडा अधिकच ठेवावा आणि काही आठवड्यांच्या सरावानंतर बोट मागेल तसा कमी करावा.

दर्शिका म्हणजे बंदुकीचा डोळा. मागची दर्शिका ही धातूची एक चकती असून तिच्यात साधारण एक मिलिमीटर व्यासाचे छिद्र असते. पुढे नळीच्या टोकाशी एक आखूड नळकांडे, आणि त्यात एक कडे. जुन्या बंदुकांवरील टोकदार माशीची जागा या कड्याने घेतली आहे. मागच्या छिद्रातून पाहता पुढचे कडे दिसते आणि कड्याच्या मध्यभागी लक्ष्याचा काळा गोल. जवळचे कडे आणि दूरचा गोल एकाच वेळी स्पष्ट पाहणे उघड्या डोळ्यास शक्य नसते. छिद्रामुळे ते बरेचसे शक्य होते. काळ्या पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहिले असता जवळचे व दूरचे पदार्थ एकदम रेखीव दिसतात; शाळेत केलेला सूचीछिद्र कॅमेऱ्याचा प्रयोग ज्यांना आठवतो, त्यांना यात नवल वाटणार नाही. छिद्र फार बारीक केले तर मात्र प्रकाश अपुरा पडतो आणि डोळा शिणतो.

कड्याचे माप किती असावे? लक्ष्यावरील काळा गोल ३०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. तो डोळ्यापासून १० मीटरांवर आणि कडे सुमारे ८० सेंटिमीटरांवर असेल, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने तो काळा गोल कड्याच्या ठिकाणी साधारण अडीच मिलिमीटरांचा भासतो. कडेही अडीचचेच घेतले तर गोल त्यात दडून जाईल. म्हणून ते साडेतीन ते चार मिलिमीटरांच्या आसपास घेतात, म्हणजे काळ्या गोलाभोवती पांढरी, सारख्या रुंदीची कडा उरते. ही कडा जितकी अरुंद तितका नेम अचूक, असे तर्काला वाटते खरे. पण हातातली बंदूक सतत हलत असते. अरुंद कड्यात काळा गोल वारंवार कडेला भिडतो, नेमबाज दचकतो आणि योग्य क्षणाची वाट पाहत श्वास कोंडून बसतो. थोड्या रुंद कड्यात तोच हेलकावा शांत वाटतो. पुष्कळ नेमबाजांना अनुभवाने हे उमगते. काहींना उमगायला वर्षे लागतात.

आता दर्शिकेचे स्क्रू. मागची दर्शिका आणि पुढचे कडे यांत ७० सेंटिमीटरांचे अंतर धरले, तर लक्ष्य त्याच्या सुमारे चौदापट दूर आहे. तेव्हा मागची दर्शिका मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकली, तर छर्रा सुमारे १.४ मिलिमीटरांनी सरकतो. म्हणूनच हे स्क्रू अत्यंत बारीक आट्यांचे असतात आणि ठराविक अंतराने क्लिक असा आवाज करतात. एका क्लिकने छर्रा किती सरकतो, हे प्रत्येक बंदुकीवर प्रत्यक्ष मोजून लिहून ठेवावे. बाणांचा अर्थही आधीच तपासावा. काही दर्शिकांवर बाण छर्रा कोठे न्यावयाचा ते दाखवितो, तर काहींवर छर्रा कोठे चुकला ते. या एका गोष्टीने अनुभवी नेमबाजांनाही उलट्या दिशेला धाडले आहे.

स्क्रू केव्हा फिरवावा आणि केव्हा फिरवू नये, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे.

लक्ष्यावरील चूक दोन प्रकारची असते. एक कायमची: दर्शिका चुकीच्या जागी असल्याने सर्वच छर्रे, समजा, उजवीकडे जातात. दुसरी आगंतुक: हाताचा हेलकावा, नाडीचा ठोका, बोटाची घाई यांमुळे एक छर्रा उजवीकडे जातो, दुसरा खाली, तिसरा डावीकडे. पहिल्या प्रकारची चूक स्क्रूने जाते. दुसरी स्क्रूने जात नाही, उलट वाढते. कशी, ते पाहावे. दर्शिका अगदी योग्य जागी आहे, असे समजू. पहिला छर्रा हाताच्या हेलकाव्याने ३ मिलिमीटर उजवीकडे पडला. नेमबाजाने तत्परतेने दर्शिका ३ मिलिमीटर डावीकडे घेतली. पुढच्या नेमाला हात २ मिलिमीटर डावीकडे झुकला. दर्शिकेला हात न लावता तो छर्रा २ मिलिमीटरच चुकला असता. आता तो ५ मिलिमीटर चुकतो. नेमबाज पुन्हा स्क्रू फिरवितो. संख्याशास्त्र असे सांगते, की प्रत्येक नेमानंतर पूर्ण दुरुस्ती करीत गेल्यास छर्ऱ्यांच्या विखुरण्याचे वर्गमान दुप्पट होते, म्हणजे पुंजका सुमारे १.४ पट पसरतो. अधिक मेहनत घेणारा, अधिक दक्ष विद्यार्थी अशा रीतीने निष्काळजी सोबत्यापेक्षा वाईट गुण मिळवितो, आणि त्याचे कारण त्याला कधीच कळत नाही. सरावाच्या जागी हे दृश्य दुर्मीळ नाही. अशा विद्यार्थ्याला हूड किंवा मंद म्हणण्याऐवजी कोणी त्याला सरासरी काढावयास शिकविले, तर पुष्कळ काम होईल.

सरासरी काढण्याची रीत अवघड नाही. दहा नेम मारावेत आणि मध्ये स्क्रूला स्पर्शही करू नये. मग प्रत्येक छर्रा केंद्रापासून डावी-उजवीकडे किती आणि वर-खाली किती, हे मोजावे. समजा, उजवीकडचे अंतर धन आणि डावीकडचे ऋण धरून मिलिमीटरांत अशी मापे आली: ३, उणे १, २, ४, ०, १, ३, उणे २, २, ३. त्यांची बेरीज १५ आणि सरासरी १.५ येते. या छर्ऱ्यांचे आपल्या सरासरीभोवतीचे विखुरणे सुमारे २ मिलिमीटर आहे. आता प्रश्न असा, की दीड मिलिमीटरांची ही सरासरी खरी, की तीही आगंतुकच? येथे वर्गमुळाचा नियम उपयोगी पडतो. चार नेमांची सरासरी एका नेमाच्या निम्मी डळमळते, नऊ नेमांची एक तृतीयांश. दहा नेमांसाठी २ मिलिमीटरांचे विखुरणे सरासरीत सुमारे ०.६ मिलिमीटरांवर येते. दीड हा आकडा त्याच्या दुपटीहून मोठा आहे. तेव्हा दर्शिका खरोखरच सरकलेली असावी आणि ती दीड मिलिमीटर डावीकडे घेणे योग्य होय. हीच सरासरी ०.३ आली असती, तर स्क्रूला हात न लावणे हेच शहाणपणाचे ठरले असते. तीन छर्ऱ्यांचा सुरेख पुंजका पाहून हुरळून जाणाऱ्यांनीही हा नियम ध्यानात ठेवावा. तीन छर्रे योगायोगाने जवळ पडू शकतात. दहा सहसा पडत नाहीत.

दुसरा नियम याच जातीचा आहे: एका वेळी एकच बदल. गालाची टेक उंच केली, चाप हलका केला आणि कडे बदलले, आणि गुण वाढले, तर कशामुळे वाढले ते सांगता येत नाही. घटले, तर कोणता बदल मागे घ्यावा तेही कळत नाही. नव्या बंदुकीबरोबर एक वही असावी. तारीख, छर्ऱ्यांची डबी, प्रत्येक पट्टीची मिलिमीटरांतील जागा, दर्शिकेचे क्लिक आणि दहा नेमांची सरासरी, एवढे तिच्यात असले म्हणजे झाले. हे काम कंटाळवाणे आहे, यात शंका नाही.

वही ठेवणाऱ्यालाही काही गोष्टी बंदुकीत सापडत नाहीत, कारण त्या बंदुकीत नसतातच. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा १० मीटर हवेच्या बंदुकीच्या प्राथमिक फेरीत ५९७ गुणांसह तिसरे आले आणि अंतिम फेरीत सातव्या स्थानावर घसरले. आपल्या जागेखालील फरशी सैल होती, हे आपल्याला मागाहून कळले, असे त्यांनी पुढे सांगितले. बंदूक, छर्रा आणि मनुष्य या तिघांची जुळणी पूर्ण झाली, तरी पायाखालची जमीन हा चौथा भाग उरतोच.

चार वर्षांनी, ११ ऑगस्ट २००८ रोजी, बीजिंग येथे तेच नेमबाज ५९६ गुणांसह चौथ्या क्रमांकाने अंतिम फेरीत पोहोचले. फेरीपूर्वी नेम जुळवून घेण्यासाठी नेमबाजांना काही मिनिटे मिळतात. त्या वेळी आपले छर्रे भलतीकडेच जात असल्याचे आढळले आणि दर्शिका जागची हललेली आहे हे ध्यानात आले, असे बिंद्रा यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात नोंदविले आहे. ती कशी हलली, हा प्रश्न येथे बाजूस ठेवू. महत्त्वाचे हे, की ही चूक हाताच्या ओळखीच्या हेलकाव्यापेक्षा इतकी मोठी होती, की ती आगंतुक असण्याचा संभवच नव्हता. दहा नेमांच्या सरासरीची वाट पाहण्यास वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. त्यांनी स्क्रू फिरविला. त्यानंतरच्या दहा नेमांतील एकही दहाच्या खाली गेला नाही. शेवटच्या नेमापूर्वी फिनलंडचे हेन्री हॅक्किनेन आणि ते बरोबरीत होते. हॅक्किनेन यांना ९.७ मिळाले, बिंद्रा यांना १०.८. एकूण ७००.५ गुणांनी भारताला वैयक्तिक स्पर्धेतील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले.

२०१६ साली रिओ दी जानेरो येथे स्पर्धेपूर्वी त्यांच्या बंदुकीवरील दर्शिका तुटली, आणि त्या दिवशी ते चौथे आले. पुढचे कडे ज्या नळकांड्यात बसते ते उंचीने आणि रुंदीने दुसऱ्या नळकांड्यासारखे तंतोतंत असतेच असे नाही. ते बदलले की नेमही बदलतो. म्हणून स्पर्धेला जाणारे नेमबाज जादा दर्शिका केवळ पेटीत टाकून नेत नाहीत. ती आधी बंदुकीवर चढवून, तिच्यासह दहा-दहा छर्ऱ्यांचे पुंजके काढून, मूळ दर्शिकेच्या तुलनेत किती क्लिक कोणत्या बाजूस फिरवावे लागतात, ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहितात, आणि ती चिठ्ठी जादा दर्शिकेच्याच डबीत ठेवतात.